लोणच्याच्या बरणीतला उजेड

"मी इथेच बसते गं वहिनी," म्हणत शलाका पायरीवरच टेकली. माहेरच्या घरात पाऊल टाकायलाही ती घाबरत होती.

वहिनीला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा शलाकानेच हौसेने ती कीचेन आणली होती. आतली काचेची नळी बॅटरीशिवाय, चार्जिंगशिवाय हिरवी उजळायची. महिन्याभरात वहिनीचा गर्भपात झाला. नळीत किरणोत्सारी वायू असतो, हे शलाकाच्या आईच्या कानावर आलं. त्यांनी सांडशीने कीचेन उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत कोंडली, बरणी परसात ठेवली आणि पोटच्या मुलीशी बोलणं टाकलं.

"खरं सांग, माझ्यामुळेच झालं ना?"

वहिनी कॉलेजात फिजिक्स शिकवायची. नळीतल्या ट्रिटियमचे किरण आतल्या लेपावर आपटतात, लेप उजळतो, आणि ते किरण काच ओलांडण्याइतकेही जोरकस नसतात, हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण तोवर घरात तिच्या स्कूटरचा, तिच्या नोकरीचा उद्धार चालला होता. कीचेनचं निमित्त सापडलं आणि सगळ्यांच्या नजरा तिच्यावरून हटल्या. ती गप्प बसली.

आज मात्र तिला शलाकाकडे बघवेना. "नाही गं. ते किरण नळीबाहेर येतच नाहीत. नळी फुटली असती, तरी खिडक्या उघडल्या की भागलं असतं. तुझा काही दोष नाही."

शलाका हुंदके देत तिच्या गळ्यात पडली. मग डोळे पुसत तिने विचारलं, "आणि हे सगळं तू आईला सांगितलंस, तरी तिला पटलं नाही?"