खरखर

व्हॉल्व्ह तापायला मिनिटभर लागतं. तेवढा वेळ म्हातारा डावा हात पाठीमागे धरून उभा राहिला. आठशे व्होल्टशी खेळताना एकच हात पुढे करायचा, हा त्याचा नेम. पत्र्याच्या डब्यावर बसवलेले दोन्ही काचेचे व्हॉल्व्ह लालसर झाले. तीन महिने खपून जमवलेला अॅम्प्लिफायर पहिल्याच दमात चालू झाला, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

हा सगळा खटाटोप कप्तानासाठी. कप्तान म्हणजे रेडिओवरचा चाळीस वर्षांचा दोस्त, बोटीवरून निवृत्त होऊन समुद्रापलीकडे राहणारा. रोज दुपारी चारला दोघांच्या गप्पा चालायच्या. तीन महिन्यांपूर्वी त्याचं उत्तर येईनासं झालं. आपलाच आवाज पोचत नाही, त्याला मागून जोर हवा, असं म्हाताऱ्याने ठरवून टाकलं. कानांचं नाव काढायची सोय नव्हती. मुलीने एकदा डॉक्टरांचा विषय काढला, तर आठवडाभर तोंड फुगवून बसला होता.

त्याने बटण दाबून माइकमध्ये बेंबीच्या देठापासून हाक मारली आणि उत्तर ऐकायला बटण सोडलं. स्पीकर पार वरपर्यंत चढवलेला.

"अरे, ओरडतोस किती! कानठळ्या बसल्या," कप्तान हसला. आवाज खणखणीत होता, मध्येमध्ये धाप लागत होती. "रोज ऐकतोय तुला, रोज उत्तर देतोय. आता नीट ऐक. उद्या माझी छाती उघडतायत. डॉक्टर काही चांगलं बोलत नाहीत. जायच्या आधी दोन शब्द बोल रे माझ्याशी."

म्हाताऱ्याने स्पीकरला कान लावला. तोंड एवढंसं झालं. मागे बायको त्याच्या शर्टाला गुंडी लावत बसली होती. तो तिच्याकडे वळला.

"कोणी बोललं का गं?"

मागच्या थंडीत ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, दोन तास हाका मारत होती. हा शेजारच्या खोलीत हेडफोन लावून कप्तानाशी गप्पा हाणत होता. "बायको पडली ती पडली, स्वयंपाक माझ्या गळ्यात पडला," असं नंतर याने कप्तानाला सांगितलं, आणि दोघे खो खो हसले. तिने खाटेवरून ऐकलं होतं.

तीन महिने तो रोज हेच विचारत होता. आज तरी आपल्याला दया येईल, असं तिला वाटलं होतं. आली नाही.

"नाही हो," ती त्याला ओठ दिसतील असं सावकाश म्हणाली. "नुसती खरखर."

"आहेस ना रे?" कप्तान विचारत होता. "नुसतं बटण दाबलंस तरी कळेल मला."

म्हातारा मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे गेलाच गं तो."

"असता तर बोलला नसता का?" ती म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

म्हाताऱ्याने डोळे पुसले आणि स्विचकडे हात नेला.

"थांबलोय मी," कप्तान म्हणत होता. "तू सावकाश ये."