पात्यावरचं नाव

शर्यतीला चार मिनिटं उरली होती, तेव्हा नलिनीने शेजारी बसलेल्या बोरवणकरांना फोनवर पात्याचा फोटो दाखवला. तिच्या मुलीचा, शाल्मलीचा, कृत्रिम पाय म्हणजे काचधातूचं लवचिक पातं होतं आणि ते बोरवणकरांनीच बसवलं होतं.

"नाव घालून घेतलं. हॉस्टेलात वस्तू बदलतात हो." नलिनीच्या घरी नाव नसलेली साधी वाटीसुद्धा नव्हती. "भांडीवाल्याकडूनच घेतलं, लेझरने."

बोरवणकरांचा चेहरा उतरला. "अहो, तापलं असेल ते!"

"क्षणभरच तर."

"क्षणभर पुरतं. या धातूतले अणू कसेही विखुरलेले असतात, म्हणून तो वाकतो पण मोडत नाही. तापला की अणू रांगेत बसतात, स्फटिक होतात आणि धातू ठिसूळ होतो. आता प्रत्येक अक्षरापाशी तडा जाऊ शकतो."

नलिनी पुढचं ऐकायला थांबलीच नाही. पायऱ्या उतरताना चपला सुटल्या, त्या तिने तिथेच टाकल्या. कठड्याशी पोचताच ती ओरडली.

"शालू, धावू नकोस! नाव घातलंय तिथून मोडेल ते!"

आरंभरेषेवर वाकत असलेल्या शाल्मलीने मान वळवली. तिने आधी स्वतःच्या पात्याकडे पाहिलं, मग शेजारच्या मुलींच्या.

"आई, तुझं बघून हॉस्टेलातल्या आम्ही सगळ्यांनीच घालून घेतली गं नावं."

रेषेवर आठ पाती उन्हात चमकत होती. पंचांनी पिस्तूल वर केलं, आणि नलिनी कठडा ओलांडून अनवाणीच त्या मुलींच्या वाटेत धावत सुटली.