आजीचा किर्टल

"नाड्या मागे हव्यात," आल्बिना म्हणाली. "मानेपासून थेट खालपर्यंत."

ब्रिटनीने शिलाई मशीन थांबवलं. "आजी, चित्रात पुढे आहेत. नाहीतर बाजूला."

"चित्रातल्या बायकांना बांधू दे पुढे. मला मागे हव्यात."

ब्रिटनी इंग्रजी घेऊन एमए करत होती. वर्गात प्रत्येकाला एकेक जुना शब्द वाटून दिला होता. शब्द कुठून आला, कसा बदलत गेला, ते सांगायचं. तिच्या वाट्याला आला होता किर्टल. इंग्लंडातला मध्ययुगातला कपडा. नुसतं बोलण्यापेक्षा शिवूनच दाखवू, म्हणून तिने एक शिवला होता. तो पाहून आजीने दुसरा मागितला. पेटीतून मऊ पांढरं कापडही काढून दिलं.

जन्मभर लुगडं नेसलेली बाई. कोणालाच काही कळेना.

"सणाला फॅन्सी ड्रेस आहे का गो आई?" एरॉलने विचारलं. तो ब्रिटनीचा बाप. गोखिवऱ्याच्या कारखान्यातून नुकताच आला होता. "राणी होतेस की काय?"

"तू आधी हातपाय धू."

मग ती नातीकडे वळली. "तो शब्द परत सांग. कोण घालायचं ते."

"किती वेळा सांगू? मूळ शब्दाचा अर्थ आखूड. आधी तो पुरुषांचा अंगरखा होता. मग बायकांचा पायघोळ झगा झाला. पुढे तर नुसत्या परकरालाच किर्टल म्हणायला लागले. शब्द तोच राहिला, घालणारी माणसं बदलली."

"आधी पुरुषांचा? नक्की?"

"नक्की. शेतकरी घालायचे, सरदारसुद्धा घालायचे."

"जरा मोठ्याने सांग. हल्ली मला कमी ऐकू येतं."

ब्रिटनीने ओरडून सांगितलं. एरॉलने आईकडे पाहिलं. सकाळीच तिने वाडीच्या पार टोकाला नारळ पडल्याचा आवाज ओटीवरून ऐकला होता.

आतल्या खोलीत आबा, ब्रिटनीचे आजोबा, खोकले.

त्या खोलीचं दार पावसाळ्यापासून बंद होतं. आबांना झटका आला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून आले ते गळ्यापर्यंत चादर ओढूनच. तेव्हापासून आजीशिवाय कोणाला आत येऊ देत नव्हते. का, ते सांगत नव्हते. चर्चचे फादर त्यांच्यासाठी पवित्र ख्रिस्तप्रसाद घेऊन यायचे आणि बंद दाराला आशीर्वाद देऊन जायचे. ज्या आबांनी ब्रिटनीला खांद्यावर बसवून समुद्र दाखवला, त्यांच्या जेवणाचं ताट ती आता उंबऱ्याशी ठेवून परत फिरायची. दोरीवर आबांचा सदरा वाळताना कधीचा दिसला नव्हता. नुसत्या चादरी.

माप म्हणून आजीने गाठी मारलेली सुतळी दिली.

"हे तुझे खांदे नाहीत गो आजी. यात तुझ्यासारख्या दोन मावतील."

"सैलच हवा. टोचायला नको."

"खिसा?"

"खिशात ठेवायला काय उरलंय आता?"

किर्टल तयार झाला. आजीने तो लुगड्यावरूनच चढवला. ब्रिटनीने आरसा आणला. आजी मात्र खाटेवर उताणी झाली, हात अंगाशी घेतले आणि डोळे मिटून पडून राहिली.

"आजी, उभी राहून बघ ना!"

"उभं राहून काय कळणार? पाठीला गाठी लागतात का बघते."

दारात उभ्या असलेल्या एरॉलच्या हातातला डबा खाली पडला.

त्याने ब्रिटनीला केळीच्या बागेत नेलं. तो सुकलेली पानं ओढू लागला.

"माझी मावशी गेली तेव्हा अंगात ब्लाऊज जाईना," तो म्हणाला. "मागून कापावा लागला. आई तिथेच होती. आपल्या अंगावरच्या कपड्याला कोणी कात्री लावू नये म्हणून आधीच शिवून घेतेय ती."

ब्रिटनीने त्याचा हात धरला. "पण आजी तर ठणठणीत आहे, पपा."

"आपल्याला काय माहीत? आणि ती गेली तर त्या खोलीत कोण जाणार? आबा कोणाच्या हातचं पाणी पिणार?"

रात्री जेवताना त्याने विचारलंच. "डॉक्टरांनी तुला काय सांगितलं?"

"गुडघ्याला तेल लाव म्हणाले."

"आई, खरं सांग. तो झगा कशासाठी?"

"अंगावर चढला की कळेल." तिने त्याच्या ताटात सुकटाची चटणी वाढली. "रविवारी फादरना बोलावलंय. कुठे जाऊ नका."

त्याने ताट बाजूला सारलं. ब्रिटनी उठून मोरीवर गेली.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून फादर आले. आजीने धुतलेला किर्टल छातीशी धरला, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून खाट करकरली. आजीचा दबका आवाज आला. मग काहीच नाही.

फादरही गोंधळले. "कोण आजारी आहे?" त्यांनी हळूच विचारलं. एरॉलने दारावर थाप मारली. "आई! दार उघड गो!"

कडी निघाली.

आजी दारात उभी होती. अंगावर तेच रोजचं लुगडं. हात रिकामे.

"या फादर," ती म्हणाली. "तुम्ही पण या रे."

खिडकीपाशी, आरामखुर्चीत, पांढरा किर्टल घालून आबा ताठ बसले होते. केस विंचरलेले, दाढी केलेली, सदऱ्यात न जाणारा लुळा हात बाहीत सरकवलेला. त्यांनी फादरकडे पाहिलं, एरॉलकडे पाहिलं, मग जड जिभेने नातीला म्हणाले, "सरदारसुद्धा घालायचे ना गो? फादरना सांग. जरा मोठ्याने."