पायऱ्यांवरून पडले

१९९४ची उगादी, म्हणजे तिकडचा पाडवा. राजाजीनगरला लेकीकडे जेवायला गेलेल्या उमाजींना पिऊन आलेल्या जावयाने ठोसा मारला आणि त्यांचा जबडा मोडला. दवाखान्यात दात तारांनी बांधून टाकल्यामुळे त्यांना बोलता येईना. जावयाचा हात पहिल्यांदाच उठला असेल, अशी ते पडल्या पडल्या मनाची समजूत घालत होते.

"अण्णा पायऱ्यांवरून पडले," त्यांची लेक चंदनाने सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "पडलं की बहुतेक हनुवटीला मार बसतो. हा तर कानाखाली मोडलाय. कुणी मारलं का यांना?"



"नाही मॅडम, पडलं तरी इथंच मोडतो," चंदना घाईघाईने म्हणाली. "गेल्या गौरीला मी पडले, तेव्हा माझाही इथंच मोडला होता."