मोकळं कपाळ

अतिदक्षता विभागाच्या दारासमोर वर्षाराणीने बाटलीतल्या पाण्याने पदर भिजवला आणि कपाळावरचं कुंकू पुसून टाकलं. मग बाकावर शेजारी बसलेल्या एस्तेरमावशींकडे तोंड वळवलं.

"झाली बघा मी तुमच्यातली. आता मागा तुमच्या येशूकडं. ह्यांना वाचीव म्हणावं."

आत तिचा नवरा सम्राट होता. साखर कारखान्याच्या रस्त्यावर त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली होती. डोक्याला मार होता. आशा सोडा असं डॉक्टर म्हणाले नव्हते, धरा असंही नाही.

मावशी त्यांच्या कसबा बावड्यातल्या शेजारीण. सकाळपासून सोबतीला बसल्या होत्या आणि मधूनमधून डोळे मिटून पुटपुटत होत्या. ते बघूनच पोरीच्या मनाने हे घेतलं होतं. मावशी हबकल्या.

"हे काय केलंस गं? कुणी सांगितलं पुसायला?"

"तुमच्यात लावत न्हाईत न्हवं? मग तुमचा देव माझं ऐकणार कसं?"

"तो कपाळ बघून ऐकत नाही, बाळ. मी सकाळपासून मागतेच आहे. त्यासाठी तू कुणाची व्हायची गरज नाही."

"मग वाचत्याल म्हणा. एकदाच म्हणा की, मावशी!"

म्हणायला काय जातं? एका शब्दाने पोर शांत झाली असती. रविवारी चर्चमध्येही आली असती. शब्द मावशींच्या जिभेवर आलाही होता.

"ते मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या मालकांसाठीपण असंच मागितलं होतं. ते गेले."

वर्षाराणीने हंबरडा फोडला. नेमकी त्याच वेळी तिची सासू, आक्का, अंबाबाईची ओटी भरून जिना चढून आली. तिने सुनेचं रडणं ऐकलं, मोकळं कपाळ पाहिलं, आणि तिच्या हातातली पुडी सुटली.

"गेला? माझा सम्राट गेला व्हय गं?"

"जिवंत आहे, आक्का! जिवंत आहे तो!"

मट्‌कन खाली बसलेल्या म्हातारीला मावशींनी धरलं आणि झालेलं सगळं सांगितलं. सुनेला मारावं की कवटाळावं, आक्काला कळेना.

"लाव आधी. लाव म्हणते न्हवं!"

तिने पडलेली पुडी उचलून पुढे केली. तीत देवीचं कुंकू होतं. वर्षाराणीने चिमूट घेतली, पण हुंदक्यासरशी कुंकू पापण्यांवर सांडलं. आक्का पुढे झाली आणि थबकली. विधवेने सवाष्णीला कुंकू लावायचं नसतं, आणि आज तर नाहीच नाही. तिने मावशींकडे पाहिलं. त्याही विधवाच.

"तू लाव, एस्तेर."

"मी हे मानत नाही, आक्का."

"ठाऊक हाय. म्हणूनच सांगते. तुमच्यात हाताला रांडपण चिकटत न्हाय न्हवं?"

 मावशींनी पुडीत बोट बुडवलं आणि पोरीच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. तिचा हात हातात घेतला, डोळे मिटले.

"डोळं मिटू नगंस," आक्का म्हणाली. "हिच्या कपाळाकडं बघत माग."