थॉर्नली हॉलची झडती

क्रेकने भिंतीवर काठी आपटली आणि कान लावला. घराची मालकीण विनिफ्रेड बाजूला उभी राहून बघत होती.

"ही भरीव आहे," असं म्हणून तो शेकोटीकडे सरकला.

राणीने कॅथलिक पाद्र्यांना देशात बंदी घातली होती, आणि त्यांना आसरा देणाऱ्याला फाशी होती. तिची माणसं दोन-तीन दिवस घरात ठाण मांडून होती. लपलेला पाद्री हुडकून काढण्यात क्रेकचा हात धरणारं त्या परगण्यात कोणी नव्हतं. तो खोल्या दोरीने आधी आतून मोजायचा, मग बाहेरून, आणि माप जुळलं नाही की भिंत फोडायचा. आल्या आल्या त्याने सगळे बिछाने चाचपले होते. पाहुण्यांच्या खोलीतला कोमट लागला, तेव्हा तो नुसता हसला होता.

शेकोटीशेजारच्या ओकच्या फळीमागे माणसाला लपण्याजोगं बीळ होतं; त्याची मागची तडकलेली भिंत स्वयंपाकघराच्या धुराड्याला लागून होती. ती फळी निघाली की विनिफ्रेडच्या गळ्याला फास.

"राल्फसाहेब कुठे गेलेत म्हणालात?" क्रेकने विचारलं.

"फ्रान्सला. लोकर विकायला."

"गंमत आहे. तुमचे यजमान इस्टरच्या आधी मला भेटायला येणार होते. या घराबद्दल काही सांगायचं होतं म्हणे. आलेच नाहीत."

"त्यांचं असंच. बोलायचं एक, करायचं एक."

क्रेकने नाक वर केलं. "लॅव्हेंडर भारी पसरलंय घरभर."

"उन्हाळा आहे. भिंतीत उंदीर मरतात."

"उंदीर काय? बाईसाहेब, असल्या बिळांना आतून कडी नसते. मी इथं नुसता बसून राहिलो, तरी तुमचा उंदीर आत तहानेनं मरेल. मग ते पाप कुणाचं?"

आतून कडी नसते, हे विनिफ्रेडला त्याच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

क्रेकने ओकच्या फळीवर काठी आपटली. आवाज पोकळ आला. त्याचे डोळे चमकले.

"मागे स्वयंपाकघराचं धुराडं आहे," ती म्हणाली.

"कुऱ्हाड आणा रे," क्रेक म्हणाला.

तेवढ्यात फळीच्या फटीतून काळाकुट्ट धूर येऊ लागला. पाठोपाठ स्वयंपाकी गिल्बर्ट डोळे पुसत दारात आला.

"साहेब, पेज करपली. भांड्यानं पेट घेतला."

"पुन्हा? काल पाव जाळलास, परवा मासा कच्चा. बाईसाहेब, हे ध्यान कुठून पैदा केलंत?"

माणसं खोकत हसली. क्रेक मात्र फटीला कान लावून उभा राहिला. धूर चांगलाच दाटला. आतून हूं की चूं नाही.

"धुराडंच आहे," तो अखेर म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. "जिवंत माणूस असता तर खोकला असता. चला. पाखरू आपण यायच्या आधीच उडालंय."

घोड्यांच्या टापा दूर गेल्यावर विनिफ्रेडने मोठं दार लावलं. मागे गिल्बर्टने कमरेचं फडकं सोडलं, तिच्या कपाळावर क्रूस रेखला आणि बाकावर बसकण मारली.

"पोरी, ऐनवेळी हे फडकं गुंडाळून मला चुलीपुढे ढकललंस, म्हणून वाचलो. पण हे सोंग पुन्हा जमायचं नाही. मला साधी पेज येत नाही. पुढच्या खेपेला मी आपला त्या बिळातच बसेन. उघड बघू, जागा नजरेखालून घालतो."

विनिफ्रेड फळीला पाठ लावून उभी राहिली.

"आत जागा नाही, फादर," ती म्हणाली. "राल्फ फ्रान्सला गेलेच नाहीत."