डोळे मिटून

“फादर, पाप केलंय. गेल्या शनिवारी सांगितलं तेच!” जेसिंताने पापकबुलीच्या लाकडी जाळीला तोंड लावून सांगितलं. रविवारी चर्चमधल्या मिस्सामध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करत, तेव्हा ही पोरगी व्हायोलिन वाजवणाऱ्या रेमीकडे टक लावून बघत बसायची. त्याने व्हायोलिनवर हनुवटी टेकली की केसांची एक बट कपाळावर यायची. तेवढ्यावर तिचा अख्खा आठवडा निघायचा.

“अगं, एखादं नवीन पाप तरी आण!” जाळीपलीकडे म्हातारे फादर हसले. “प्रायश्चित्त म्हणून तीन नमो मरिया म्हण. आणि उद्या डोळे मीट, बाय.”

ती शहाण्यासारखी मान डोलवायची. रविवारी प्रार्थना सुरू झाली की डोळे आपले टक्क उघडे!

जूनमध्ये रेमी फादर व्हायला सेमिनरीत निघून गेला. त्याच्या जागी आता कुणी दुसराच व्हायोलिन वाजवू लागला. पुढच्या शनिवारी जेसिंता जाळीपाशी गुडघे टेकून नुसतीच बसली.

“काय गं? या खेपेला पाप नाही?”

“तुम्ही सांगितलं तसे डोळे गच्च मिटते, फादर. मिस्सा संपेपर्यंत.”

“शाब्बास!”

“पण मग उघडावेसेच वाटत नाहीत हो. मिटले की तो दिसतो.” तिने जाळी घट्ट धरली. “याला किती नमो मरिया?”

फादर जाळीजवळ सरकले.

“याला त्या पुरत नाहीत, बाय,” ते हळूच म्हणाले. “इतकी वर्षं झाली, मी अजून म्हणतोय.”